वाकळेच्या पोटात

गच्चीवर वाकळ मांडायची म्हणजे चार कोपऱ्यांना चार वजनं लागतात. पाटा, वरवंटा आणि पाण्यानं भरलेली कळशी ही तीन ठरलेली. चौथ्या कोपऱ्यावर माझा सहा वर्षांचा नातू बसतो. त्याला तसं कुणी सांगितलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी एका वाऱ्याच्या सकाळी तो आपणहून येऊन बसला आणि तेव्हापासून ती त्याचीच जागा झाली. शाळेला सुट्टी असली की डोळे चोळतच विचारतो, "आज्जी, आज थर मांडायचेत?" मी नाही म्हटलं की तोंड एवढंसं होतं.

परवाच्या रविवारी असाच बसला होता. मी तळव्यानं मधून कडेकडे जुनेर सपाट करत होते. हे काम घाईचं नाही. एका थरात सुरकुती राहिली तर ती जन्मभर पाठीला टोचते आणि पुढं काही करून निघत नाही. तो मात्र कोपऱ्यावर बसल्या बसल्या एकेक थर नखानं उचलून बघत होता. मग म्हणाला, "आज्जी, हिच्या पोटात काय काय हाय?"

मी म्हटलं, "थांब, सांगते." सांगायला सुरुवात केली ती दुपारी जेवायची वेळ झाली तरी संपली नव्हती.

पुण्याकडं हिला गोधडी म्हणतात. आमच्या कोल्हापुरात वाकळ. निपाणी-बेळगाव ओलांडून धारवाडकडं गेलं की कौदी. तान्ह्या बाळासाठी केली की दुपटं. नावं किती का असेनात, मूळ गोष्ट एकच. घरातलं जे कापड अंगावर नेसून-घालून विरलं, ते फेकायचं नाही, थरावर थर घालून टाक्यांनी एकत्र बांधायचं. सगळ्यात खाली अस्तर. ते एकसंध आणि दणकट हवं, कारण जमिनीला तेच लागतं. मध्ये भरण. त्यात सुती लुगडी, धोतरं, विरलेल्या चादरी, जे असेल ते. वरती दिसणारा थर, ठिगळं जोडून केलेला किंवा एखाद्या चांगल्या लुगड्याचा. मग लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना धरून ठेवायचे, कडा आत दुमडायच्या आणि बाहेरच्या काठापासून धावदोरा सुरू करायचा. चारी बाजूंनी फिरत फिरत, एका बोटाचं अंतर ठेवून आत आत यायचं. माझ्या सासूबाईंनी मला असंच शिकवलं. १९८० साली मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला नुसतं हातशिलाईचं फ्रॉकला टीप मारण्याइतकं येत होतं. त्यांनी माझ्या हातात दाभण दिलं, मधल्या बोटात पितळी अंगुस्तान घातलं आणि सांगितलं, "वाकळ काठाकडनं पोटाकडं शिवायची. पोटाकडनं काठाकडं गेलीस तर कापड कडंला सरकतंय आन् वाकळ वाकडी होतीय." चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली, ते अंगुस्तान माझ्याच बोटात आहे. त्याला आता आतून माझ्या बोटाचा आकार आलाय.

थोरली नात सहावीत आहे. तिला परिमिती शिकवली तेव्हा तिनं टेप घेऊन माझी वाकळ मोजली. सहा फूट बाय साडेचार फूट. बाहेरच्या फेऱ्यापासून आतल्या फेऱ्यापर्यंत तिनं सगळं वहीत मांडलं आणि सांगितलं, "आज्जी, तू चौतीस फेरे मारतीस. सगळी टीप सरळ केली तर सव्वाशे मीटर होतंय." मग एका इंचात टाके किती ते मोजलं. तीन. सगळे मिळून पंधरा हजारांच्या आसपास टाके. मला हे कधी सुचलं नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की दुपारी दोन-अडीच तास बसलं तर दीड महिन्यात एक वाकळ होते, पावसाळ्यात थोडी जास्त लागते कारण दमट हवेत सुई कापडात अडकते. पण पंधरा हजार हा आकडा ऐकल्यापासून मी शिवताना कधी कधी मोजते. शंभरापर्यंत मोजून होतं आणि मग काहीतरी आठवतं.

कापडाविषयी माझं मत पक्कं आहे आणि ते मी ऑर्डर घेऊन येणाऱ्यांनाही स्पष्ट सांगते. वाकळ जुन्या सुती कापडाचीच. नऊवारी सुती लुगडं वर्षानुवर्षं धुतलं, आपटलं, उन्हात वाळवलं की त्याची खळ पूर्ण जाते, धागा फुलतो आणि ते कापड पाणीही पितं आणि घामही. असे पाच-सहा थर एकावर एक आले की त्यांच्यामध्ये हवा राहते, ऊब धरून ठेवते ती हवा. पॉलिस्टर घातलं तर सुई घसरते, थर एकमेकांना धरत नाहीत आणि उन्हाळ्यात पाठ भिजते. आता लोक येतात ते बहुतेक आईच्या साड्या घेऊन येतात. आई गेल्यावर कपाट रिकामं करताना त्यांना साड्या टाकवत नाहीत. आणि त्या साड्या नेमक्या नायलॉन आणि जॉर्जेटच्या असतात, कारण त्या पिढीनं धुवायला सोप्या म्हणून त्याच वापरल्या. मी त्यांना परत पाठवत नाही. त्या साड्यांच्या पट्ट्या वरच्या थराला लावते आणि पोटात माझ्याकडचं सुती घालते. तसं सांगूनच करते. गेल्या वर्षी एक बाई आल्या, त्यांच्याकडं आईच्या साड्या उरल्याच नव्हत्या. घरात वाटून झाल्या होत्या. एका पिशवीत अकरा चोळ्या होत्या फक्त. खणाच्या. इतका सुंदर खण, काठाला ती बारीक वेल, आणि काखेत प्रत्येक चोळी विरलेली. मी बाह्या उसवल्या, काखेचा भाग काढून टाकला आणि उरलेल्या त्रिकोणांची ठिगळं केली. ती वाकळ घेऊन जाताना बाईंनी ती तिथंच माझ्या सोफ्यावर बसून अंगावर घेतली. मे महिना होता.

दुकानात आता नव्याकोऱ्या कापडाच्या गोधड्या मिळतात. दिसायला देखण्या असतात आणि त्या करणाऱ्या बायकांना पैसे मिळतात ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्या पहिली पाच वर्षं कडकच राहतात. मला विचाराल तर वाकळ ही शिवल्यावर तयार होत नाही, ती शिवायच्या आधी तीस वर्षं कुणीतरी अंगावर वागवलेली असते.

दिवस कसा जातो? पहाटे सून आणि मी मिळून डबे करतो. साडेसातला मुलं शाळेला. मग देवपूजा, भाजी, यांचा पेपर वाचून होईपर्यंत दुसरा चहा. दुपारी दीडला घर शांत होतं तेव्हा मी खिडकीशी बसते. चार वाजता दप्तरं धाडकन पडतात आणि माझी शिवण तेवढ्यावर थांबते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून लांबचं स्वच्छ दिसतं, पण सुईचं नाकं सापडत नाही. म्हणून रोज रात्री जेवणं झाली की दोघं मला दहा सुया ओवून ठेवतात. त्या सगळ्या एका जुन्या उशीत टोचलेल्या असतात. पाच नातीच्या, पाच नातवाच्या. नातवाच्या सुयांना दोरा कधी हातभर तर कधी वितीएवढा. वितीएवढा दोरा मी टाकून देत नाही, कोपऱ्यात वापरते. संपला की नवी सुई घ्यायची, त्यात काय.

धाकट्या लेकीला पुण्यात सातवा महिना लागलाय. तिच्या बाळासाठी दुपटी तीन झाली, आणखी दोन करायचीत. त्यात माझीच एक पिवळी सुती साडी आहे, नेसून नेसून हाताला दुधाच्या सायीसारखी लागते. बाळाला पहिलं कापड जुनंच लागतं.

सुट्टीचा दिवस असला की आम्ही बाहेर पडतो. जवळचं ठरलेलं म्हणजे संध्याकाळी रंकाळा आणि भेळ, किंवा रात्री गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं ताजं धारोष्ण दूध. नातू फेसाची मिशी पुसत नाही, घरापर्यंत मिरवत आणतो. लांबचं म्हणजे यांचं खातं. हे एसटीत कंडक्टर होते, कोल्हापूर विभागात उभी हयात गेली. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी कुठल्या गावाला कुठली गाडी किती वाजता हे तोंडपाठ. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, यांना वयामुळं अर्धं, नातवंडांना लहान म्हणून अर्धं. सगळं घर अर्ध्या तिकिटात हिंडतं. हे गाडीत चढले की अजून कंडक्टरच्या सीटकडं एकदा बघतात आणि मगच आपल्या जागेवर बसतात.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही खिद्रापूरला गेलो. आधी नृसिंहवाडी. तिथं पंचगंगा कृष्णेला मिळते. मी नातीला दाखवलं, "आपल्या घाटावरचं पाणी इथवर येतंय बघ." दत्ताचं दर्शन घेतलं, कवठाची बर्फी घेतली, कुरुंदवाडवरून पुढं खिद्रापूर. कोपेश्वराचं देऊळ मी तरुणपणी एकदा पाहिलं होतं तेव्हा कडेवर मूल होतं, काही बघणं झालं नव्हतं. यावेळी निवांत बघितलं. बाराव्या शतकातलं शिलाहारांच्या काळचं बांधकाम, बाहेरच्या भिंतीला खालून हत्तींची रांग. नातू त्यांना मोजत निघाला आणि वळणावर आकडा विसरून पुन्हा पहिल्या हत्तीपाशी आला, असं तीनदा झालं.

पण मी अडकले ते पुढच्या स्वर्गमंडपात. अठ्ठेचाळीस खांब. वर छत आहे आणि छताच्या बरोबर मध्यभागी मोठं गोल भोक, थेट आभाळ दिसतं. त्याच्या खाली जमिनीवर तेवढीच गोल शिळा. खांबांची बाहेरची रांग, मग आतली, मग आणखी आतली, प्रत्येक फेरा लहान होत होत त्या गोलाकडं येतो. मी त्या शिळेच्या कडेला उभी राहून वर बघत राहिले. काठाकडनं पोटाकडं. ज्यानं कुणी हे रचलं त्याचा हात माझ्या सासूबाईंसारखाच चालला होता, बाहेरून सुरुवात करून आत येत येत. आणि मधोमध आल्यावर त्यानं दगड बसवला नाही, तेवढी जागा मोकळी सोडली. यांनी मागून विचारलं, "काय बघालीस एवढं?" मला सांगता आलं नाही. मी नातीच्या वहीत तो नकाशा काढून घेतला. येत्या वाकळेला मध्यभागी ठिगळ लावायचं नाही, आभाळी रंगाचा एक गोल ठेवायचा, हे मी तिथंच ठरवलं.

नातवाला पोटाचं सांगायचं तर २०१९ च्या पुराकडं यावंच लागतं.

आमचं घर शुक्रवार पेठेत, घाटापासून लांब नाही. पूर्वी दरवर्षी भाद्रपद संपत आला की आम्ही पेठेतल्या बायका 'दसरा काढायला' घाटावर जात असू. घटस्थापनेच्या आधी घरातलं एकूण एक अंथरूण-पांघरूण धुऊन निघालं पाहिजे. ओली वाकळ एकटीला उचलत नाही. दोन्हीकडनं दोघी धरतात, उलट्या दिशेनं पीळ घालतात आणि पाणी असं गळतं की पायऱ्या वाहतात. मग दगडावर, काठावरच्या झुडपांवर, गवतावर रंगच रंग. आता नदी तशी राहिली नाही आणि घराघरात मशीन आलंय. त्या मशीनमध्ये वाकळ मावत नाही, म्हणून वाकळाच कमी झाल्या. मला याचं वाईट वाटतं. नदीचं तर त्याहून जास्त.

त्या ऑगस्टात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी पंचावन्न फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी त्रेचाळीस. आम्ही मुलांना आणि धान्याला माडीवर नेलं, टीव्ही नेला, कागदपत्रं नेली. खालच्या खोलीतली लोखंडी ट्रंक एवढी जड की ती राहिली. वाटलं, ट्रंक आहे, पाणी शिरणार नाही. पाणी उतरल्यावर चिखलातून ती ओढून काढली तेव्हा झाकण फुगून बसलं होतं. आत सासूबाईंनी शिवलेली शेवटची वाकळ होती. त्या जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. मी ती रोज वापरत नव्हते, जपून ठेवली होती, आणि जपून ठेवली म्हणूनच ती गेली. माडीवर अंथरलेल्या सगळ्या वाकळा वाचल्या. तेव्हापासून या घरात ट्रंकेत एकही वाकळ ठेवत नाही. जी शिवली ती त्या रात्री कुणीतरी पांघरते.

चौघांनी ती उचलून गच्चीवर आणली. तीन पाण्यांनी धुतली तरी आतला वास जाईना. मग मी काठ उसवला. उलट्या दिशेनं, त्यांनी घातलेला शेवटचा टाका आधी आणि पहिला टाका शेवटी, अशी नाही उसवता आली. काठाकडनंच उसवत आत गेले. वरचा थर सासूबाईंच्या हिरव्या इरकलीचा. त्याखाली सासऱ्यांची दोन धोतरं. त्याखाली आमच्या यांचा खाकी शर्ट, नोकरी लागली तेव्हाचा, खिशाची जागा रंगानं अजून गडद. आणि त्याखाली, मला माहीतच नव्हतं, आणखी एक अख्खी वाकळ. तिला तिचे स्वतःचे टाके होते, माझ्या सासूबाईंच्या टाक्यांपेक्षा बारीक आणि जवळ जवळ. ती त्यांच्या सासूबाईंची. विरून कामातून गेली असणार, म्हणून तिलाच भरण करून नवीन तिच्यावरून शिवली. आमच्याकडं हे नवीन नाही. वाकळ फाटली तर ती पुढच्या वाकळेच्या पोटात जाते. पण ऐकणं वेगळं आणि तो बारीक टाका हाताखाली येणं वेगळं. ज्या बाईचा मी फोटोसुद्धा पाहिलेला नाही तिच्या हाताचा वेग मला त्या दिवशी कळला. तीन टाके जवळ, मग एक जरा लांब. पुन्हा तीन जवळ, एक लांब. प्रत्येक ओळीत.

त्या आतल्या वाकळेचं अस्तर मांजरपाटाचं होतं. सासरे शाहू मिलमध्ये होते, त्यांचे वडीलही. शाहू महाराजांनी १९०६ साली काढलेली ती मिल, भोंगा झाला की पेठेतल्या चुली पेटत, असं सासूबाई सांगायच्या. तिथून आलेलं कापड असेल. आणि शेवटच्या कोपऱ्यात, दोन थरांच्या मध्ये, बोटाच्या पेराएवढी एक पुरचुंडी. उघडली तर काळी झालेली माती वाटावी असं काहीतरी. मी जरा चाळवून बघितलं, तर जोंधळे. पाच की सात, मोजता येत नव्हते. सासूबाई मला म्हणायच्या खऱ्या, "वाकळंचं पोट रिकामं मिटू नये. तिला उपाशी ठेवलं तर ती ऊब कुठली देणार?" मीही प्रत्येक वाकळेच्या शेवटच्या कोपऱ्यात पाच जोंधळे घालते. पण त्यांनी घातलेले माझ्या हाताला लागतील असं कधी मनात आलं नव्हतं.

आतली बारीक टाक्यांची वाकळ मधूनच चांगली राहिली होती. तेवढी मी चौकोनी कापून घेतली, उकळत्या पाण्यातून काढली, आठ दिवस उन्हात घातली. परवा गच्चीवर जी मांडत होते तिच्या पोटात तो चौकोन आहे. सहा वर्षं मी त्याला हात लावला नव्हता.

आता प्रवासाचं. हे सगळ्यांना माहीत आहे की मला कर्नाटकातल्या हल्याळला जायचंय.

तीन वर्षांपूर्वी पुण्यात लेकीकडं गेले असताना हातमागाच्या आणि हस्तकलेच्या एका प्रदर्शनात मी भिंतीवर एक कवंदी, म्हणजे तिकडची वाकळ, पाहिली. उत्तर कन्नडातल्या सिद्दी बायकांनी शिवलेली. नातीला सिद्दी म्हटलं की जंजिराच आठवतो, चौथीच्या इतिहासातला. हे तिकडचे नव्हेत. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून माणसं गोव्यात आणली, त्यातली बरीच जंगलात पळून आली आणि हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात वस्ती करून राहिली. कुणी हिंदू, कुणी मुसलमान, कुणी ख्रिस्ती. २००३ साली त्यांना अनुसूचित जमातीत घेतलं. बोलीत कोकणी-मराठी शब्द पुष्कळ. बायका जुन्या कपड्यांची कवंदी शिवतात, तीही काठाकडनं पोटाकडं. मी विचारून कोपरा उलटा करून पाहिला. आमच्यात आणि त्यांच्यात एक मोठा फरक आहे. मी ठिगळं आधी जोडते, मग थर मांडते, मग कच्चा टाका, मग धावदोरा. त्या एक ठिगळ ठेवतात, त्याची कडा दुमडतात आणि तिथंच सगळ्या थरांतून शिवून टाकतात, मग त्याच्या शेजारी पुढचं. जोडणं आणि शिवणं एकच. कच्चा टाका नाहीच. तरी कापड सरकत नाही, सुरकुती नाही. ते कसं? चार कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची छोटी फुलं लावलेली असतात, त्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. त्या घड्याही मला हातानं शिकायच्यात. मोबाइलवर नातीनं मला चित्रफिती दाखवल्या, पण शिवणाऱ्या बाईच्या डाव्या हाताखाली काय चाललंय ते त्यात दिसत नाही, आणि सगळी खुबी डाव्या हातातच असते. शेजारी बसल्याशिवाय ते यायचं नाही.

हे म्हणाले, "अगं, दोन वर्सं थांब की. मला पंच्याहत्तर लागलं की फुकट." मी म्हटलं, "तुमचं फुकट महाराष्ट्रातलं. दूधगंगा ओलांडली की तुम्हालाही पूर्ण तिकीट आणि मलाही." कर्नाटकात बायकांना बस मोफत आहे, पण ती तिकडच्या रहिवाशांना. हे जरा वेळ हिशोब करत बसले. मग म्हणाले, "कोल्हापूर-बेळगाव सकाळची गाडी धरू. बेळगावातनं खानापूर, अळणावर, हल्याळ. दुपारी पोचू." म्हणजे त्यांचं मनात आधीच ठरलेलं होतं. माझी बोटं सकाळी आखडतात आता, गरम पाण्यात धरावी लागतात. दोन वर्षांनी दाभण धरवेल का, हे त्यांना मी बोलले नाही. त्यांनीही विचारलं नाही.

लेकीचं बाळंतपण झालं, सव्वा महिना झाला की जायचं. मुलांना तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी असेल, दोघंही येणार म्हणतात. नातीनं नकाशात पेन्सिलीनं रस्ता काढलाय. मी पिशवी आत्ताच भरायला घेतली. अंगुस्तान, दोन दाभणं, पांढऱ्या दोऱ्याची रिळं, आणि इरकलीच्या काठाचे तुकडे. रिकाम्या हातानं कुणाच्या शिवणीपाशी बसू नये. इरकल तिकडच्याच मुलखातली, त्यांना ती ओळखू येईल.

तर परवा हे सगळं सांगून होईपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. कच्चे टाके तीन बाजूंनी घालून झाले होते. शेवटचा कोपरा राहिला होता, ज्यावर नातू बसला होता तोच. मी वाटीतून पाच जोंधळे घेतले आणि त्याला म्हटलं, "ऊठ आता, पोट भरून मिटायचंय."

तो उठला नाही. म्हणाला, "आज्जी, मला पण काय तरी घालायचंय."

"काय घालतोस?"

त्यानं विचार केला. आजोबांच्या डायरीत पहिल्या ड्युटीच्या दिवसाचं एक जुनं एसटीचं तिकीट आहे, पातळ गुलाबी कागदाचं, ते त्याला फार आवडतं. पण ते आजोबा देणार नाहीत हे त्याला माहीत होतं. म्हणाला, "आपण हल्याळला जाऊ की, त्या गाडीचं तिकीट घालू."

मी म्हटलं, "बाळा, कागद टिकत नाही. एका धुण्यात लगदा होतोय त्याचा."

तो म्हणाला, "मग जोंधळं तरी कुठं टिकलं?"

यांनी कठड्यापाशी पेपर खाली घेतला आणि माझ्याकडं बघितलं. मी जोंधळे परत वाटीत टाकले. कोपऱ्याला मोठी सेफ्टी पिन लावली, बाकीच्या तीन बाजूंनी धावदोरा सुरू केला. काल सातवा फेरा झाला. कोपऱ्यापाशी आले की दोरा न तोडता वळसा घालून पुढं जाते, तेवढी जागा मोकळी सोडून.